चहात बुडवलेली साडी

विरारच्या आमच्या वन रूम किचनमध्ये दोन पातेली शेजारी उकळत असतात. एकात वरण, दुसऱ्यात चहापूड. दुसऱ्यात मी नवीकोरी सुती साडी बुडवते. मग पिळायची, वाळवायची, काठ पॉलिश पेपरने घासायचे. मालिकेतल्या गरीब सासूच्या अंगावर ती दहा वर्षं धुतलेली दिसली पाहिजे. आई आधी म्हणायची, "अगं, चांगल्या साडीचा का नास करतेस?" आता पिळायला दुसरं टोक धरते. चहापूड मात्र स्वतःच्या डब्यातली देत नाही.

मी कॉश्च्युम असिस्टंट. शूटिंग जवळच्या नायगावला असलं की चैन. फिल्मसिटीत असलं की कपड्यांच्या दोन बॅगा घेऊन पहाटेची विरार लोकल. स्वतःच्या अंगावर कायम खोल खिशांचा काळा कुर्ता, खिशात सेफ्टीपिना. माझी फॅशन एवढीच. खरी पारख लेडीज डब्यात असते. "गळा मागून एवढा खोल नको, खांद्यावरून उतरतो," असं एक अनोळखी बाई उभ्या-उभ्या सांगून गेली. तिचं बरोबर होतं.

एकदा वसईतली कुपारी समाजातली भाजीवाली बाई उभी करायची होती. लाल लुगडं नेसायला शिकावं म्हणून गावातल्या एका आजींकडे गेले. निऱ्या खोचताना त्यांनी माझ्या कमरेला दणका दिला. "शेतात वाकता आलं पाहिजे, एवढं खाली नको." सेटवर हे लुगडं पाहून दिग्दर्शक म्हणाले, जरा कोळीण वाटू दे. वाटली कोळीण. आजींनी तो भाग पाहिला नसावा अशी आशा आहे.

पैसे 90 दिवसांनी येतात. तोवर फॉल-पिको आणि अस्तराचे ब्लाउज. शेजारच्या काकू ब्लाउज घालून बघतात, बाही वर-खाली करतात आणि तिथल्या तिथे नोटा हातावर ठेवतात. त्या नोटा मोजताना मला उगाच संकोच होतो. सेटवरचे पैसे मागताना होतो तसाच.

अशा वेळी वेशभूषाकार भानू अथैया आठवतात. कोल्हापूरची मुलगी, जे. जे.त शिकलेली. 1953 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात तिची चित्रं होती. पण मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं करता-करता ती कपड्यांकडे वळली. 1983 साली 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर. गंमत बघा, सुटाबुटातून पंचावर येणाऱ्या माणसाची वेशभूषा! तो पंचा किती मळका हवा, हे कुणीतरी बसून ठरवलंच असणार. 2012 साली ऑस्करची ती बाहुली नीट जपली जावी म्हणून भानू अथैयांनी अकादमीकडे परत पाठवली. हे वाचलं तेव्हा माझी नजर आमच्या कपाटावरच्या बोचक्यांकडे गेली होती.

गेल्या महिन्यात एक साडी चहात जास्त वेळ राहिली. सेटवर नापास झाली, तिचे पैसे माझ्या बिलातून कापले. आई ती नेसून आगाशीला बारशाला गेली. संध्याकाळी आली ती हसतच.

"दोघींनी विचारलं, हा रंग कुठे मिळतो."

"मग?"

तिने पदराची गाठ सोडली. पाचशेच्या दोन नोटा होत्या.

"ॲडव्हान्स घेऊन आले. आता चहापूड माझ्या डब्यातली घे."