पोटात बर्फ घेऊन धावलेली मोटार

बर्मिंगहॅमला जाऊन मोटार पाहायची यात नवल ते काय? त्या शहराने सारा संसारच लोखंडावर थाटलेला. पण तिथल्या थिंकटँक या विज्ञान-संग्रहालयात मी जी मोटार पाहिली, तिच्याकडे बघून प्रथम आठवण झाली ती पावसाळ्यात आपल्या कोकणकिनारी पालथी घालून ठेवलेल्या होडीची! चाके कवचात दडलेली, अन् अगदी पुढच्या टोकाला एका माणसापुरती बैठक.

जॉन कॉब यांची ही 'रेल्टन मोबिल स्पेशल'. कॉब धंद्याने फरचे दलाल. गाडी आखली रीड रेल्टन यांनी.

वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो, आणि तो सारायला शक्ती लागते आठपट. तेव्हा नुसती शक्ती वाढवून भागणार नव्हते. वाऱ्याचीच समजूत काढायला हवी होती. विमानाची दोन जुनी इंजिने रेल्टननी बसविली. एक पुढच्या चाकांना, एक मागच्या. रेडिएटरसाठी तोंड उघडे ठेवावे, तर तिथे वारा अडणार. म्हणून पाण्याच्या टाकीत बर्फच भरला! चाकांना हात लावायचा तर सबंध कवच उचलून काढावे लागे.

२३ ऑगस्ट १९३९ रोजी अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर कॉबनी ताशी ३६९.७ मैलांचा विक्रम केला. पुढच्या दोन आठवड्यांत युद्ध पेटले. युद्धकाळात कॉब विमाने पोचवीत होते. १९४७ साली ते पुन्हा तिथेच आले. जाता-येता दोन्ही फेऱ्यांची सरासरी धरायची, असा नियम. एका फेरीत काटा चारशेपार गेला, म्हणजे मैलाला नऊ सेकंदही नाहीत! सरासरी ३९४.१९. चाकांच्या जोरावर धावणाऱ्या मोटारींत हा विक्रम १९६४ पर्यंत टिकला.

एवढ्यावर माणसाने थांबावे, असे आपल्यासारख्या गृहस्थाश्रमी माणसांना वाटते. कॉब थांबले नाहीत. २९ सप्टेंबर १९५२ रोजी स्कॉटलंडच्या लॉख नेस सरोवरात विक्रमासाठी धावताना त्यांची जेट-नौका फुटली, आणि ते गेले. काठावर गावकऱ्यांनी त्यांचे स्मारक उभारले आहे.

मोटार मात्र बर्मिंगहॅमला सुखरूप आहे. तिच्या पाठीवर कुठे पोचा नाही, की ओरखडा नाही. वाऱ्याची समजूत काढता आली होती. पाण्याने ऐकले नाही.