दहावी होईपर्यंत थांबू नकोस

ती. दादास,


काल वहिनीचा फोन आला. स्लीप स्टडीचा रिपोर्ट तिनं आधीच व्हॉट्सॲपवर पाठवला होता, तो मी नीट वाचला. डॉक्टरांनी तुझ्या सोन्याला रात्री बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र, लावायला सांगितलंय आणि तू म्हणालास, "दहावी होऊ दे, मग बघू. एकदा मशीन लागलं की संपलं." शेजाऱ्यांच्या माळ्यावर कोविडच्या वेळचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पडून आहे, तोवर तोच लावायचा असंही तुमचं ठरतंय म्हणे.

फोनवर आपण दोघंही लगेच तापतो आणि मुद्दा बाजूला राहतो. म्हणून लिहिते आहे. आणि उघड लिहिते आहे, कारण ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे सोन्याला आहे तो स्नायू झिजण्याचा आजार, असलेल्या मुलांचे बाप मला ओपीडीत नेहमी भेटतात आणि जवळजवळ प्रत्येक जण हेच वाक्य बोलतो. दोन गोष्टी आधीच सांगून टाकते. कॉन्सन्ट्रेटर लावू नका. आणि बायपॅप मार्चमधल्या परीक्षेपर्यंत लांबवू नका.

सोन्याची फुफ्फुसं चांगली आहेत, दादा. कमी पडतायत ते फुफ्फुसं हलवणारे स्नायू. डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन त्याच्या शरीरात तयारच होत नाही, त्यामुळे स्नायूंचे तंतू झिजत जातात. पायांचं आपण पाहिलं, दंडांचं पाहिलं. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा आणि बरगड्यांमधले स्नायू हेही स्नायूच. या मुलांचा स्पायरोमेट्रीचा, म्हणजे एका श्वासात किती हवा सोडता येते त्याचा, आकडा उंचीबरोबर दहा-बारा वर्षांपर्यंत वाढतो, काही काळ थांबतो, मग उतरायला लागतो. सोन्याचा यंदा अपेक्षेच्या निम्म्याखाली गेला. दिवसा तो चाकाच्या खुर्चीत बसून आपल्याशी क्रिकेटवर तासभर भांडतो, म्हणून तुला वाटतं की श्वास ठीक आहे. पण त्रासाची सुरुवात रात्री होते. ज्या झोपेत स्वप्नं पडतात त्या झोपेत अंगातले बाकीचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाचा सगळा भार एकट्या पडद्यावर येतो. तो पडदाच थकलेला असेल, तर श्वास उथळ होतो आणि आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, साठत जातो.

वहिनीनं गेल्या काही महिन्यांत मला जे सांगितलं ते आठव. रात्री सारखं "आई, कूस बदल" म्हणतो. दचकून उठतो. सकाळी डोकं दुखतं, नाश्ता नको म्हणतो, दुसऱ्या तासाला वर्गात पेंगतो. तुम्ही त्याला दहावीचं टेन्शन म्हणालात. ही सगळी साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची लक्षणं आहेत. ज्या परीक्षेसाठी तू थांबायला सांगतोयस, तिचा अभ्यासच तो अर्धवट झोपेत करतोय.

आता ऑक्सिजनबद्दल. २०२१ च्या उन्हाळ्यानं आपल्या सगळ्यांच्या मनात एक समीकरण पक्कं बसवलंय: ऑक्सिमीटरचा आकडा खाली, ऑक्सिजन लावा. कोविडमध्ये ते बरोबर होतं, तिथं फुफ्फुस बिघडलेलं होतं. सोन्याचा आकडा घसरतो तो हवा पुरेशी आत-बाहेर होत नाही म्हणून. नुसता ऑक्सिजन सोडला की बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसेल, घरात सगळ्यांना हायसं वाटेल, आणि कार्बन डायऑक्साइड मात्र वाढतच राहील. वर मेंदूला मिळणारी धोक्याची सूचनाही मंदावते, श्वास आणखी उथळ होतो. पोरगं गुंगीत जातं आणि आकडा तेव्हाही चांगलाच असतो. म्हणून या आजारात जागेपणी आकडा ९५ च्या खाली आला, तर आधी बायपॅप आणि खोकल्याला मदत करायची. ऑक्सिजन लागलाच तर तो बायपॅपमधून, आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड तपासत राहून.

हे शहाणपण वैद्यकशास्त्रालाही फुकट मिळालेलं नाही. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण रोज दाखल होत होते आणि सुरुवातीला त्यातले बहुतेक दगावत होते. त्यांच्या रक्ताच्या तपासण्यांचा अर्थ डॉक्टर भलताच लावत होते. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं सांगितलं की हा साठलेला कार्बन डायऑक्साइड आहे, यांना हवा द्यायला हवी. बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात नळी बसवून त्यानं रबरी पिशवी हातानं दाबत तिला श्वास दिला आणि ती जगली. मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावल्या आणि महिनोन् महिने रात्रंदिवस हातांनी पिशव्या दाबून रुग्ण जगवले. त्या विद्यार्थ्यांचा मी पेशात आल्यापासून फार विचार करते. आम्ही करतो ते काम तिथून आलंय.

तुझ्या मनातलं मशीन मला माहीत आहे. आजीच्या शेवटच्या दिवसांत आयसीयूत पाहिलेलं, घशात नळी, हात बांधलेले. बायपॅपला नळी घशात घालायची नसते. नाकावर मास्क बसतो, श्वास आत घेताना यंत्र जोरानं हवा देतं, सोडताना जोर कमी करतं. ऐंशीच्या दशकात झोपेतल्या घोरण्याच्या विकारासाठी नाकावरचे मास्क आले आणि लवकरच ते स्नायूंच्या आजारांत वापरले जाऊ लागले. त्यानं काय झालं, ते इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये मांडलं. त्यांच्याकडच्या ड्यूशेनच्या मुलांचं मृत्यूचं सरासरी वय साठच्या दशकात १४.४ वर्षं होतं. १९९० नंतर ज्यांना घरी रात्रीचं यंत्र मिळालं, त्यांचं २५.३. आता तर तिशी ओलांडलेली माणसं आहेत, शिकलेली, नोकरी करणारी. यात स्टेरॉइडचा, हृदयाच्या औषधांचा वाटा आहेच. पण श्वास सांभाळला नसता, तर त्या औषधांना तेवढा वेळच मिळाला नसता.

तू विचारशील, मग पहिल्यापासूनच का नाही लावलं? तेही करून झालंय. फ्रान्समध्ये लक्षणं नसतानाच, निव्वळ प्रतिबंध म्हणून मास्क लावून पाहिले. १९९४ साली निकाल प्रसिद्ध झाले, फायदा दिसला नाही. म्हणजे याची एक वेळ असते. झोपेत कार्बन डायऑक्साइड वाढायला लागला, लक्षणं दिसू लागली, की ती वेळ आली. सोन्याच्या रिपोर्टात ती आलेली आहे.

"सवय लागते, मग सुटत नाही," असं तुला कुणीतरी सांगितलंय. हे खरं नाही. पुढे तास वाढतील ते आजार पुढे जाईल म्हणून. यंत्रामुळे स्नायू आळशी होत नाहीत. रात्रभर विश्रांती मिळाल्यावर मुलं दिवसा ताजी असतात आणि दिवसाचा कार्बन डायऑक्साइडही पुष्कळदा खाली येतो.

पण मला बायपॅपपेक्षाही जास्त काळजी खोकल्याची आहे, आणि त्याच्याकडे घरात कुणाचंच लक्ष नाही. ही मुलं बहुतेकदा साध्या सर्दीनं हॉस्पिटलात पोचतात. खोकायला आधी खोल श्वास लागतो, मग घसा क्षणभर मिटावा लागतो, मग पोटाचा जोर. सोन्याकडे पहिलं आणि तिसरं दोन्ही कमी आहे. खोकल्याचा जोर मिनिटाला लिटरमध्ये मोजतात. निरोगी मोठ्या माणसाचा ३६० च्या बराच वर असतो. २७० च्या खाली गेला की बाहेरून मदत सुरू करायची, कारण सर्दी झाली की तो आणखी घसरतो. वाफ द्या, हळदीचं दूध द्या, माझी हरकत नाही. पण सुटलेला बेडका बाहेर ढकलायला जोरच नसेल, तर तो खालीच बसतो आणि न्यूमोनिया होतो.

यावर फार स्वस्त उपाय आहे आणि तो फार कमी घरांत पोचलाय, याचं मला खरोखर वाईट वाटतं. डेन्मार्कमध्येच, त्या पोलिओच्या साथीनंतर चार वर्षांनी, आपोआप फुगणारी पिशवी निघाली. तीच आपली ॲम्बू बॅग. सर्जिकलच्या दुकानात मिळते, बायपॅपच्या मानानं किंमत काहीच नाही. तिला एकतर्फी झडप आणि मास्क लावायचा. सोन्यानं एक श्वास घ्यायचा, तो न सोडता तुम्ही पिशवी दाबून त्यावर दुसरा भरायचा, मग तिसरा, छाती पूर्ण फुगेपर्यंत. क्षणभर धरायचं आणि खोकायचं. खोकताना बरगड्यांखाली पोटावर हातानं आत-वर दाब द्यायचा. पोट भरलेलं असताना नाही. सकाळ-संध्याकाळ हे केलं की छाती ताठरत नाही, आणि सर्दीच्या दिवसांत हवं तितक्या वेळा करता येतं. वहिनीनं आणि तू दोघांनी शिकायचं. एकट्या वहिनीवर टाकू नकोस, ती आधीच रात्री सारखी उठते आहे. आणि आईला सांग, "तुझ्याकडून आलं" हे वहिनीला ऐकवणं आता थांबव. ड्यूशेनच्या साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये जनुकातला बदल नव्यानंच झालेला असतो. आणि आईकडून आलेला असला, तरी त्यात आईचा दोष कसला?

कफ असिस्ट नावाचं यंत्रही आहे. ते आधी हवा आत ढकलतं आणि लगेच जोरानं ओढून घेतं, खोकल्याचंच काम करतं. उत्तम आहे, पण लाखांच्या घरात जातं. घ्यायचं की नाही ते पुढे ठरवू. हाताची पद्धत आधी पक्की होऊ दे.

मशीन घेताना दुकानदार स्वस्तातलं सीपॅप गळ्यात मारेल, ते चालणार नाही. ते सतत एकाच दाबानं हवा देतं आणि श्वास घेणाऱ्या स्नायूंना त्याची मदत होत नाही. दोन दाबांचं हवं, आणि सोन्याकडून श्वास राहिला तर स्वतःहून देणारं हवं. मास्क शक्यतो नाकापुरता. तोंड झाकणारा मास्क असताना उलटी झाली तर तो त्याच्या हातांना काढता येणार नाही. त्याच कारणानं बोटाच्या हलक्या दाबानं वाजणारी बेल त्याच्या हाताशी हवी, हे विसरूच नका. मास्कवरच्या बारीक भोकांतून हवा सुटते म्हणून त्यांना चिकटपट्टी लावू नका. उच्छ्वास तिथूनच बाहेर जातो. पट्टे फार आवळले तर नाकाच्या हाडावर जखम होते. वीज जाणार हे धरून इन्व्हर्टरची बॅटरी तपासून घे आणि ॲम्बू बॅग खाटेशेजारी टांगून ठेव. पहिले काही दिवस रात्री लावूच नका. संध्याकाळी मॅच बघताना अर्धा तास, मग एक तास, सवय झाली की झोपेत. बहुतेक मुलं पहिल्या आठवड्यात काढून टाका म्हणतात. तेव्हा मास्कचा आकार बदलून पाहायचा, दाब हळूहळू वाढवायचा. हार मानून मशीन कपाटात ठेवायचं नाही.

फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांच्या सहीचं एक पत्र लावून घे: ड्यूशेन आहे, नुसता ऑक्सिजन देऊ नये, बायपॅप सोबत आणला आहे, भूल द्यावी लागली तर सक्सिनिलकोलिन आणि हुंगायची भूल टाळावी. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत नवा मुलगा ड्युटीवर असतो, त्याला हा आजार पुस्तकातूनच माहीत असतो. फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोनियाची सांगतील तशी, हृदयाची इको वेळेवर. अपंगत्वाचं प्रमाणपत्रही राहिलंय. २०१६ च्या कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, आणि दहावीला लेखनिक, जादा वेळ मिळायला ते लागेल.

बायपॅपनं स्नायू परत येणार नाहीत. हृदयाची काळजी राहीलच, पाठ वाकते आहे तीही राहील. पुढे कधी दिवसाही मदत लागेल, तेव्हा खुर्चीला बसवलेल्या नळीतून तोंडानं हवा घेता येते, त्याबद्दल तेव्हा बोलू. मी तुला खोटी आशा देत नाही. मिळू शकणारी वर्षं मिळू देत, एवढंच मागते आहे.

आणि हे सगळं त्याला सांग. पंधरा वर्षांचा आहे, फोनवर सगळं वाचतो, तुझ्यापेक्षा जास्त त्याला ठाऊक असेल. तो विचारत नाही, कारण तुझा चेहरा पाहतो. श्वास त्याचा आहे, मास्क त्याच्या नाकावर बसणार आहे. कुठला मास्क, कधीपासून, कुणी लावायचा हे त्याला ठरवू दे.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. ॲम्बू बॅग आणि झडप घेऊन येईन, सोमवारपर्यंत राहीन, तुम्हा दोघांच्या हातून करून घेईन. तू तोवर एवढं कर: कॉन्सन्ट्रेटर शेजाऱ्यांकडेच राहू दे, आणि उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून बायपॅप लावायची तारीख या आठवड्यातली घे.

तुझी,
धाकटी