उलट नोंद

बँकेत वीस वर्षं काढली की माणसाचा एक समज होतो: हिशेबाची शिस्त जगात फक्त आपल्याकडे. माझाही होता. गेल्या पावसाळ्यात हर्नियाच्या ऑपरेशनसाठी रत्नागिरीतल्या एका इस्पितळात आडवा झालो, आणि तो उतरला.

सकाळी सिस्टरनी विचारलं, "नाव काय?" सांगितलं. दुपारी गोळी घेऊन आल्या. "नाव काय?" रात्री पुन्हा तेच.

मी म्हटलं, "सिस्टर, सकाळपासून बदललेलं नाही हो!"

त्या हसल्या नाहीत. मनगटावरच्या पट्टीवरचा नंबर केसपेपरशी ताडून पाहिला आणि म्हणाल्या, "रुग्ण योग्य, औषध योग्य, मात्रा योग्य, वेळ योग्य, द्यायची रीत योग्य. पाचही जुळल्याशिवाय काही द्यायचं नाही."

चेक पास करताना आम्ही तरी दुसरं काय करतो?

ऑपरेशननंतर खाटेला तक्ता लागला. पोटात किती गेलं, लघवी किती झाली, सगळं मिलिलिटरमध्ये. अहो, सरळ जमा-खर्च! सौभाग्यवतींनी गुपचूप पाजलेलं नारळपाणी मात्र बेहिशेबी राहिलं. ते उघडकीला आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "प्यायलात त्याचं काही नाही, सांगितलं नाहीत त्याचं आहे." आमचे ऑडिटरसुद्धा इतकं नेमकं बोलत नाहीत.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा सर्वांना ठाऊक असतो, तिची वही कोणाला आठवत नाही. क्रिमियाच्या युद्धात लढाईतल्या जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच जास्त शिपाई मेले, हे तिने 1858 साली आकडे मांडून दाखवलं. म्हणजे बाई आमच्याच पंथातली!

तिसऱ्या रात्री मात्र माझी थट्टा थांबली. त्या दिवशी शेजारच्या खाटेवर एक मधुमेही गृहस्थ आले होते. नाव-आडनाव माझंच, कोकणात याचं नवल नाही. रात्री नव्या सिस्टर इंजेक्शन घेऊन माझ्यापाशी आल्या. "नाव काय?" मी झोपेतच सांगितलं. जुळलं. दंड पुढे केला. त्यांनी पट्टी पाहिली. नंबर जुळला नाही.

ते इन्सुलिन होतं. मला मधुमेह नाही. चांगल्या माणसाला ते टोचलं, तर रक्तातली साखर घसरून तो बेशुद्ध पडू शकतो, जिवावरही बेतू शकतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. चुकीच्या खात्यात रक्कम गेली, तर आम्ही उलट नोंद करतो. दंडात गेलेल्या इन्सुलिनची उलट नोंद कुठल्या वहीत करणार?

हल्ली काउंटरवर शेजारचे काका आले, तरी मी खातेनंबर विचारतो.

"काय रे, मला ओळखत नाहीस?" ते चिडतात.

"ओळखतो ना काका," मी म्हणतो, "म्हणून तर विचारतोय."