सांभाळून घेणारे लोखंड

गोल्फच्या सामानाविषयी इंग्रजीत जे लिहिले जाते त्यात 'फर्गिव्हिंग' हे विशेषण इतक्या वेळा येते, की ते एखाद्या धर्मग्रंथातून उचलले असावे असा संशय यावा. 'फर्गिव्हिंग आयर्न' म्हणजे चेंडू पात्याच्या मध्यावर लागला नाही तरी फार शिक्षा न करणारा क्लब. याला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळतो आहे. (मराठीची अध्यापिका म्हणून निवृत्त झालेली आणि सैन्यातल्या नवऱ्यामुळे चाळिशीत गोल्फच्या मैदानावर पोहोचलेली बाई याहून वेगळे काय करणार?) 'क्षमाशील' हा कोशातला शब्द चटकन सुचतो, पण लोखंडाच्या तुकड्याला तो लावताना हसू येते. 'चालवून घेणारा' म्हटले तर हलगर्जीपणाला संमती दिल्यासारखे वाटते. मला 'सांभाळून घेणारा' हा शब्द जवळचा वाटतो. मैफलीत गायकाची सम अर्ध्या मात्रेने हुकू लागली की जाणता तबलजी ठेका किंचित सैल सोडतो, गायक समेवर येतो आणि श्रोत्यांना काही कळत नाही. याला आपण सांभाळून घेणे म्हणतो. त्यात क्षमा केल्याचा आव नाही आणि चूक झालीच नाही असा दावाही नाही. मात्र मैफल संपल्यावर तबलजीने ते गायकाच्या कानावर घालायचे असते. हे नवे क्लब सांभाळून घेतात यात शंका नाही. नंतर ते कानावर घालतात का, यावरून आमच्या छोट्याशा गोल्फवर्तुळात गेली काही वर्षे जे चालले आहे, त्याविषयी हे लेखन.

ज्यांचा या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. खेळाडूच्या पिशवीत नियमाने जास्तीत जास्त १४ क्लब असू शकतात. त्यांपैकी निम्म्याहून अधिक बहुधा 'आयर्न' असतात आणि त्यांच्या तळाशी क्रमांक कोरलेला असतो. क्रमांक वाढत जातो तसा पात्याचा कल वाढतो. चेंडू अधिक उंच उडतो आणि अधिक जवळ पडतो. जुन्या पद्धतीचे आयर्न म्हणजे 'ब्लेड'. मऊ पोलाद ठोकून घडवलेले हे पाते दिसायला देखणे, पातळ आणि अरुंद. आपल्या स्वयंपाकघरातल्या उलथन्याची श्रीमंत बहीण. त्याचे बरेचसे वजन मध्याच्या मागे एकवटलेले असते. सुमारे ४६ ग्रॅमचा चेंडू त्या मध्यावर बसला तर हाताला जवळजवळ काहीच जाणवत नाही, लोण्यात सुरी जावी तसे. अर्धा इंच बाहेर बसला तर पाते हातात पिळवटते, डिसेंबरच्या सकाळी बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या जातात आणि चेंडू वाटेतच बसकण मारतो.

सांभाळून घेणाऱ्या क्लबांचा वंश शोधत गेले तर कार्स्टन सोल्हाइम या माणसापाशी यावे लागते. तो १९११ मध्ये नॉर्वेतल्या बर्गन येथे जन्मला, अमेरिकेत वाढला, वडिलांचा जोड्यांचा व्यवसाय त्याने काही काळ केला आणि पुढे अभियंता झाला. 'जनरल इलेक्ट्रिक'मध्ये नोकरी करत असताना, वयाच्या ४२व्या वर्षी त्याने प्रथम गोल्फ क्लब हातात घेतला. माझ्या मते या हकिगतीतला हाच महत्त्वाचा तपशील आहे. लहानपणापासून खेळणाऱ्याचे हात मध्य शोधायला शिकलेले असतात. उशिरा आलेल्याला आपल्या हातांचा भरवसा नसतो, म्हणून तो अवजाराकडे संशयाने पाहतो. सोल्हाइमने १९५९ मध्ये चेंडू भोकात ढकलायचा एक पटर बनवला. त्याचे वजन त्याने मध्यातून काढून दोन टोकांना नेले. चेंडू लागताच त्यातून 'पिंग' असा आवाज येई, आणि तेच त्याच्या कंपनीचे नाव झाले. हेच तत्त्व त्याने आयर्नना लावले: पात्याची पाठ पोखरायची आणि निघालेले वजन कडांना वाटून टाकायचे. १९८२ साली आलेला त्याचा 'पिंग आय टू' हा संच हौशी खेळाडूंमध्ये सर्वदूर पोहोचला.

यामागचे विज्ञान समजायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची मुलगी हातात लांब काठी आडवी धरते. काठीचे वजन तिच्यापासून दूर, दोन्ही टोकांकडे पसरलेले असते, म्हणून काठी सहजासहजी कलंडत नाही आणि मुलीला तोल सावरायला वेळ मिळतो. कडांना वजन असलेले पाते तसेच वागते. चेंडू बाजूला लागला तरी ते कमी पिळवटते. धक्का पोटात घेते. येथे मला माझा नाकारलेला शब्द पुन्हा आठवतो. 'क्षमा' ज्या 'क्षम्' धातूपासून आली त्याचा अर्थ सोसणे, सहन करणे, समर्थ असणे. 'क्षमता' आणि 'सक्षम' ही त्याच घरची मंडळी. शिवाय क्षमा हे पृथ्वीचेही नाव आहे. ज्या खेळात दर दोन-चार फटक्यांना मातीचा एक लचका उडतो, त्यात हे नाव अगदीच परके नव्हे. या क्लबांचा तळवा रुंद केलेला असतो तोही मातीत न रुतता तिच्यावरून घसरावा म्हणून. तेव्हा 'क्षमाशील' हा शब्द भाषांतर म्हणून हास्यास्पद असला तरी पदार्थविज्ञान म्हणून अचूक निघतो! कोशकारांनी याची नोंद घ्यावी.

आता अनुभवांकडे वळते. आमच्यातल्या एका डॉक्टर मैत्रिणीच्या अंगठ्यांचे सांधे साठीच्या आत झिजले. ब्लेडचा प्रत्येक तिरका फटका त्यांना दोन दिवस पुरत असे. स्वतःच स्वतःला उपचार म्हणून त्यांनी खेळ थांबवला आणि पिशवी माळ्यावर टाकली. पुढे मुलीने परदेशातून येताना त्यांना रुंद तळव्याचा, पोकळ पाठीचा संच आणला, दांडे पोलादाऐवजी ग्रॅफाइटचे. पहिल्या दिवशी नऊ भोके खेळून त्या परतल्या तेव्हा चहाचा कप त्यांनी एका हाताने उचलला आणि आम्हांला तो मुद्दाम दाखवला. त्यांच्या गुणांत फारसा फरक पडला नव्हता. मात्र आठवड्यातल्या तीन सकाळी त्यांना परत मिळाल्या होत्या, आणि ज्या बाईचे यजमान त्याच वर्षी गेले होते तिच्यासाठी तीन सकाळी म्हणजे काय, हे मी येथे विस्ताराने सांगत नाही. असल्या क्लबांना 'लबाडी' म्हणणाऱ्या शुद्धिवाद्यांशी मी तेव्हापासून वाद घालत नाही. त्यांचे अंगठे अजून शाबूत आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

लबाडी अजिबात नसते असे मात्र नाही. ती वेगळ्या ठिकाणी असते. साठ-सत्तरच्या दशकांतल्या संचांत सात नंबरच्या आयर्नचा कल ३८ ते ४० अंशांच्या आसपास असे. आजच्या अनेक क्षमाशील संचांत तो २८ ते ३० अंशांवर आला आहे. म्हणजे तळाशी कोरलेला आकडा सातचा आणि पाते जुन्या पाचाचे. दुकानात नवा सात नंबर मारून पाहिलेला गृहस्थ 'माझा चेंडू वीस यार्ड लांब गेला' असे म्हणत बाहेर पडतो, तेव्हा त्यातले बरेचसे श्रेय कोरणाऱ्याचे असते. (वजन खाली नेल्यामुळे कमी कलातही चेंडू उंच उडतो, असे उत्पादकांचे समर्थन असते आणि ते खोटे नाही, पण आकडा बदलला हेही खोटे नाही.) ज्यांनी दहावीच्या गुणपत्रिका वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत त्या माझ्या व्यवसायबंधूंना ही गोष्ट नवी वाटू नये. नव्वद टक्क्यांचा आजचा अर्थ आपण मनातल्या मनात रूपांतर करूनच लावतो. तरीही ग्रेस मार्क आणि क्षमाशील क्लब यांची तुलना मला पटत नाही. ग्रेस मार्क उत्तरपत्रिका लिहून झाल्यावर दिले जातात. क्लबची मदत वाक्य लिहिले जात असतानाच होते. ती परीक्षकापेक्षा चांगल्या टाकाच्या जवळची आहे.

माझ्या यजमानांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. कर्नलसाहेबांनी तीस वर्षे एकच घडीव संच वापरला. त्यातल्या सात नंबरच्या पात्यावर, बरोबर मध्यभागी, रुपयाच्या जुन्या नाण्याएवढा एक गुळगुळीत डाग आहे. हजारो फटके एकाच जागी बसल्याने धातू तेथे झिजला आहे. अडुसष्टाव्या वर्षी उजव्या खांद्याने असहकार पुकारला. चेंडू मध्यावर बसेना, लांब जाईना. नवा संच मी आणि मुलाने मिळून घेतला. खोके उघडल्यावर ते म्हणाले, "हे काय, खोरं आणलंत?" आणि आठवडाभर त्याला हात लावला नाही.

लावला तेव्हा हँडिकॅप चार महिन्यांत सोळावरून तेरावर आला. घरात मात्र आनंद नव्हता. एका संध्याकाळी मी विचारले, "अहो, आता तर चांगलं चाललंय ना?" त्यांनी बराच वेळ घेऊन दिलेले उत्तर मी त्याच रात्री उतरवून ठेवले: "चांगलं लागलं की वाईट, ते चेंडू खाली पडल्यावर कळतं. पूर्वी हातात कळायचं." त्यांच्या नव्या क्लबांचे पाते पातळ पत्र्याचे, आत पोकळी आणि त्या पोकळीत कंपने शोषणारा रबरासारखा पदार्थ भरलेला. बनवणाऱ्यांनी हाताला होणारा त्रास काढून टाकला. त्या त्रासातून जी बातमी येत असे तीही त्याबरोबर गेली. ज्या माणसाने तीस वर्षे प्रत्येक फटक्याशी तळहाताने बोलणे केले, त्याला हा मौनातला मोठेपणा जाचू लागला. त्यांचा राग गुणांवर नव्हता. आपण अजून खेळतो आहोत की क्लबच आपल्याला खेळवतो आहे, हे त्यांना समजेनासे झाले होते. खांद्याविषयी ते एकदाही बोलले नाहीत.

उपाय आमच्या कॅडीने काढला. त्यांना सगळे नाना म्हणतात. वय साठीचे, पिशवी उचलण्याचा अनुभव पंचेचाळीस वर्षांचा. माझ्या कपाटात वर्गातून घरी आलेल्या खडूंचा एक डबा होता. नाना सरावाच्या वेळी तो खडू नव्या पात्यावर घासू लागले. फटका बसला की पांढऱ्या थरात गोल ठसा उमटतो: हा टाचेकडे, हा टोकाकडे, हा मध्यावर. (सामन्यात पात्याला असे काही फासणे नियमात बसत नाही, सरावात चालते.) कर्नलसाहेब पाते डोळ्यांजवळ नेऊन ठसा वाचतात, रुमालाने पुसतात, पुन्हा खडू. हाताला मिळणारी बातमी आता डोळ्यांना मिळते, थोडी उशिरा आणि लेखी स्वरूपात. मी तीस वर्षे फळ्यावर जे काही लिहिले ते इतक्या बारकाईने वाचले गेल्याचे मला स्मरत नाही.

जुना संच नानांच्या नातवाला दिला. यात एक उलटे गणित आहे, आणि ते आपल्याकडच्या बहुतेक मैदानांवर दिसेल. चेंबूरच्या गोल्फ क्लबशेजारच्या वस्तीतली मुले वाकवलेल्या लोखंडी सळ्यांनी, प्लास्टिकच्या चेंडूने, गल्लीबोळांत गोल्फ खेळत आली आहेत. त्या सळईइतका निर्दय क्लब जगात दुसरा नसेल. दिल्लीला कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेरने १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली, हे खरे आहे आणि अभिमानाने सांगितलेही जाते. पण अशा एका नावाच्या आडून आपण इतरांना सळई पुरते असे मानून बसतो. चांगला क्षमाशील संच लाखाच्या आसपास जातो. म्हणून तो सभासदांच्या पिशवीत असतो, आणि ज्याला अजून मध्य सापडायचा आहे त्या मुलाच्या हाती सभासदाने टाकलेले ब्लेड येते.

सोमवारी मैदान सभासदांना बंद असते आणि कॅडींना खेळायला मिळते. अशाच एका सोमवारनंतर नाना मला म्हणाले, "मॅडम, पोरगं सारखं टाचेलाच मारतंय. साहेबांचा डाग मधी, ह्याचे वरखडे सगळे कडेला." ते गाऱ्हाणे होते की नुसतीच बातमी, ते नानांच्या चेहऱ्यावरून कधी कळत नाही. कर्नलसाहेब आत बसून ऐकत होते. ते बाहेर आले आणि म्हणाले की जुना सात नंबर तेवढा आठवडाभरासाठी परत पाठव, सकाळी दहा-वीस चेंडू मारून बघतो. तोवर मुलाने माझा नवा सात न्यावा.

ही गोष्ट पावसाळ्यापूर्वीची. मुलाचा नवा सात आता त्याच्या जुन्या पाचाइतकाच लांब जातो, त्यामुळे पिशवीत एकाच अंतराचे दोन क्लब झाले आहेत. कर्नलसाहेबांचा जुना सात त्यांच्या नव्या नवाएवढाच जातो, तेव्हा तीच अडचण त्यांचीही. नानांनी दोघांनाही हे दोनदा समजावून सांगितले. सात नंबर परत करायला दोघांपैकी कोणीच तयार नाही.