डब्याच्या शोधात आमची मुले

छंद म्हटला की आपल्या वस्तीत कपाळाला आठी पडते. पोटामागे धावणाऱ्याला छंद कसले, असे आम्हांला अनेकांनी विचारले आणि त्यांचे काही चुकले नाही. डोंगर चढायचे तर बूट नि दोर हवेत, फोटो काढायचे तर कॅमेरा हवा. म्हणून बसचे भाडे, घरातला एक मोबाईल आणि खिशात एक पेन एवढ्यावर भागणाऱ्या एका छंदाविषयी येथे लिहीत आहोत. त्याचे नाव जिओकॅशिंग. नाव परके, काम सोपे. कोणीतरी एक डबा लपवतो, जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो आणि बाकीच्यांनी तो शोधून आतल्या कागदावर नाव लिहायचे.

याची सुरुवात अमेरिकेत झाली. आकाशातील उपग्रहांवरून आपली जागा कळते, ती जीपीएस यंत्रणा मुळात लष्कराची. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम खोट घातलेली असे, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत चूक होई. मे २००० च्या आरंभी अमेरिकी सरकारने ही खोट काढून टाकली. लगेच ३ मे रोजी ओरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने जंगलात एक काळी बादली ठेवली. आत पुस्तके, एक गलोल, शेंगदाण्यांचा नव्हे पण घेवड्याचा एक डबा आणि नोंदवही! ठिकाण जाहीर होताच काही दिवसांतच लोकांनी ती हुडकून काढली. आज जगभर असे लाखो डबे आहेत. आपल्याकडे ते विरळ, तरी मुंबई-पुण्यात सापडतात.

मोबाईलवर या खेळाचे ॲप फुकट मिळते. काही डबे पैसे भरणाऱ्यांसाठी राखीव असतात, त्यांच्या नादी लागू नये. प्रत्येक डब्यापुढे शोधण्याची आणि वाटेची अवघडता १ ते ५ आकड्यांत दिलेली असते. मुले बरोबर असतील तर १ किंवा दीडवरूनच आरंभ करावा. जागेजवळ आलात की मोबाईल खिशात घालावा, कारण तो चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो आणि झाडाखाली तर जास्तच. पुढचे काम डोळ्यांचे. खणायचे नाही, डबा कधी पुरलेला नसतो. आत खेळणे असेल आणि ते घ्यावेसे वाटले, तर तेवढ्याच मोलाचे दुसरे ठेवावे. हा नियम मुलांना समजावताना आम्हांला फार बोलावे लागले नाही. विहारात दर रविवारी पंचशील म्हणणाऱ्यांना दुसरे शील ठाऊक असतेच.

पण एक गोष्ट ॲपमध्ये लिहिलेली नाही, ती येथे सांगितली पाहिजे. गेल्या पावसाळ्यानंतर विहारातील पाच मुलांना घेऊन आम्ही उपनगरातल्या एका बागेत गेलो होतो. मुले कठड्याखाली वाकून पाहत होती. तेवढ्यात रखवालदार आला. पलीकडे एक जोडपे फुलझाडांत शिरून फोटो काढत होते, त्यांना तो काही बोलला नाही. आमच्या पोरांना म्हणाला, "कुठल्या वस्तीतले रे तुम्ही? खिसे दाखवा." दोघांनी खिसे उलटे करायला सुरुवातही केली. आम्ही पुढे होऊन त्यांचे हात धरले. मोबाईल दाखवला, खेळ समजावला. तो म्हणाला, "मग आधी सांगायचं ना, साहेब." आम्हांला साहेब आणि पोरांना खिसे!

या खेळातले जाणकार सांगतात, गुपचूप शोधा, येणाऱ्या-जाणाऱ्याला कळू देऊ नका. नाहीतर डबा चोरीला जातो. त्यांचे ठीक आहे. आमच्या मुलाला गुपचूप वागणे परवडत नाही. भिंतीपाशी घुटमळणाऱ्या पोराला कोण कोणत्या नजरेने पाहते, हे आम्ही नोकरीत आणि चळवळीत पुष्कळ पाहिले आहे. म्हणून आमचा नियम उलटा. आत जाताच रखवालदाराला नमस्कार करायचा, काय शोधतो ते सांगायचे, बरोबर एक मोठे माणूस ठेवायचे. आणि कोणी खिसे दाखव म्हटले तर मान खाली न घालता, आवाज न चढवता विचारायचे, "का?" एखादा डबा त्यामुळे गेला तरी चालेल.

त्या दिवशी डबा सापडला तो सर्वांत धाकट्या मुलीला. कठड्याच्या आतल्या बाजूला लोहचुंबकाने चिकटलेली बोटभर डबी! आत कागदाची सुरळी. पाचही जणांनी आपापले पूर्ण नाव लिहिले. रखवालदारही वाकून वाचत होता.

दुसऱ्या एका मोहाविषयी. उत्साहाच्या भरात कोणी म्हणेल, आपणही लेण्यांत डबे लपवू. ते करू नये. कान्हेरी संरक्षित स्मारक आहे, भोवती राष्ट्रीय उद्यान आहे आणि परवानगीशिवाय डबा ठेवणे या खेळातही मान्य नाही. कान्हेरीला आम्ही डब्याविनाच खेळ मांडला. चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहिले. ४१ क्रमांकाच्या लेण्यातील अवलोकितेश्वराला मस्तके किती? पाण्याची टाकी, ज्यांना शिलालेखात पोढी म्हटले आहे, वाटेत किती लागली? थोरल्या चैत्यगृहाच्या लेखात दान देणाऱ्या व्यापारी भावांची नावे आहेत. ती दाखवली तेव्हा एकाने विचारले, "मग आपण भिंतीवर नाव लिहिलं तर काय बिघडलं?" उत्तर आम्ही देण्याआधीच धाकटी म्हणाली, "त्यांनी लेणं दिलं होतं. तू काय दिलंस?"

मस्तके अकरा, यावर सर्वांचे एकमत झाले. टाक्यांच्या संख्येवरून मात्र परतीच्या बसमध्ये बोरिवलीपासून घरापर्यंत भांडण चालले. एक म्हणतो सतरा, दुसरा एकोणीस. पुन्हा जाऊन मोजायचे ठरले आहे.