वेलिंग्टनचा बूट

इंग्लंडात पाऊस लागला की दारामागचे रबरी बूट बाहेर येतात. शेतकरी, कुत्र्याला फिरवणारी आजी, डबक्यात उड्या मारणारी पोरं, सगळ्यांच्या पायांत तेच. लाडाचं नाव ‘वेली’, पुरतं नाव वेलिंग्टन.

वेलिंग्टन हे मुळात सॉमरसेटमधलं एक गाव. 1809 साली स्पेनमध्ये तालावेराची लढाई जिंकल्यावर आर्थर वेलस्लीला सरदारकी मिळाली आणि या गावाचं नाव त्याच्या पदवीला लागलं. तेव्हा अधिकारी गोंडेवाले उंच बूट घालत. वेलिंग्टननं लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या हॉबी नावाच्या मोच्याकडून ते बदलून घेतले. गोंडे गेले, वासराचं मऊ कातडं आलं, बूट पोटरीशी बेतशीर बसू लागला. वॉटर्लूची लढाई जिंकणाऱ्याचा बूट म्हटल्यावर सारं लंडन त्याच्यामागे धावलं. पुढे कातड्याच्या जागी रबर आलं आणि नबाबी बूट शेणामातीत उतरला. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या पाण्यानं शिपायांचे पाय कुजायला लागले, तेव्हा ब्रिटिश सैन्यासाठी असे 11 लाखांहून जास्त जोड तयार झाले.

माझं मन मात्र अडकतं ते 1803 पाशी. 23 सप्टेंबरला जालना जिल्ह्यातल्या आसईला हाच माणूस शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून आला. तेव्हा तो नुसता वेलस्ली होता. केळणा नदी ओलांडल्यावर मराठ्यांच्या तोफांनी त्याचं सैन्य भाजून काढलं. तो जिंकला, पण त्याची दीड हजारांवर माणसं मेली वा जखमी झाली, त्याच्या मांडीखालचे दोन घोडे गेले. मराठ्यांचे गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत, तिथेच कापले गेले. म्हातारपणी त्याला विचारलं, लढाईतलं तुमचं सर्वांत मोठं काम कोणतं? त्यानं वॉटर्लू म्हटलं नाही. आसई, एवढंच म्हणाला.

आपल्याकडे त्या बुटाला गमबूट म्हणतात. गटारात उतरणारा कामगार तो घालतो, पावसाळ्यात शाळकरी पोरं घालतात, त्यात वेलिंग्टनचं नाव कुठेच नाही. मला ते बरं वाटतं. पण आसईच्या त्या गोलंदाजांची नावंही आपल्या ओठांवर नाहीत, याचं फार वाईट वाटतं. ज्यांचा मार त्याला वॉटर्लूनंतरही विसरता आला नाही, त्यांच्या नावानं निदान जालन्याच्या पोरांनी तरी एखादी वस्तू ओळखायला हवी होती.