एबट डोंगराच्या पोटात

बालमित्रांनो, सुट्टीत तुम्ही गड चढता, लेणी बघता. आज आपण डोंगर चढायचा नाही, तर त्याच्या पोटात पडायचं आहे! डोंगराचं नाव माउंट एबट. नकाशात शोधू नका, तो 'अंडरटेल' या संगणकावरच्या खेळात आहे. अमेरिकेतल्या टोबी फॉक्सने हा खेळ २०१५ साली आणला. गोष्ट त्याची आणि संगीतही त्याचंच.

फार पूर्वी माणसांचं आणि राक्षसांचं युद्ध झालं. माणसं जिंकली नि त्यांनी राक्षसांना जादूने डोंगराखाली कोंडलं. तिथे एक लहान मूल खाली पडतं. ते मूल म्हणजे आपण.

पडल्या पडल्या एक पिवळं फूल गोड हसून स्वागत करतं. पडद्यावर 'एलव्ही' अशी अक्षरं दिसतात. एलव्ही म्हणजे लव्ह, प्रेम, असं ते सांगतं. विश्वास ठेवू नका हं!

मग भेटते टोरिएल. दिसायला शेळीसारखी, पण माया आजीची. काट्यांच्या वाटेवर ती आपला हात धरून नेते. घरी 'पाय' भाजते (आपले नव्हे, तो एक गोड पदार्थ आहे!). तिला शिक्षिका व्हायची हौस आहे, हे कळल्यावर मला भलताच आनंद झाला.

इथल्या लढाया पाळीपाळीने होतात. आपल्या पाळीला चार बटणं : लढा, काहीतरी करा, वस्तू वापरा, दया करा. समोरच्याची पाळी आली, की आपलं लाल हृदय इकडेतिकडे पळवून मार चुकवायचा. खरी गंमत दुसऱ्या बटणात! बेडकाची स्तुती केली तर तो खूश. एका कुत्र्याला थोपटत राहिलं तर त्याची मान लांबत लांबत पडद्याबाहेर जाते. एकालाही न मारता अख्खा खेळ पुरा करता येतो.

मला मात्र हे उशिरा उमगलं. टोरिएल आपल्याला पुढे जाऊ देत नाही. मी भाच्याच्या संगणकावर खेळत होते. वाटलं, दोन-चार फटके दिले की बाजूला होईल. पण एक फटका जोरात बसला आणि ती गेलीच. खेळच तो, पण माझा घास उतरेना. मी मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली. या वेळी न कंटाळता फक्त 'दया' दाबत राहिले. शेवटी तिने मला मिठी मारली नि निरोप दिला. हुश्श केलं, तर पुढे तेच पिवळं फूल उभं! आधी काय केलंस ते मला माहीत आहे, असं म्हणून ते हसलं. हा खेळ सगळं लक्षात ठेवतो.

पुढचा मुक्काम बर्फातलं स्नोडिन गाव. इथे सॅन्स आणि पपायरस हे हाडांचे सापळे, सख्खे भाऊ. दोन्ही नावं टाइपांची आहेत. सॅन्स हात मिळवतो तो पूंऽऽ असा आवाज काढून! पपायरसने आपल्यासाठी ठेवलेली शेवयांची बशी टेबलालाच गोठलेली.

नंतर वॉटरफॉल. इथली निळी फुलं शेवटचं ऐकलेलं बोलणं परत बोलून दाखवतात. छतात चमकणारे खडे आहेत. आकाश न पाहिलेले राक्षस त्यांनाच तारे समजून मनातली इच्छा मागतात. इथे जरा थांबाच.

लाव्हारसाचा प्रदेश ओलांडला, की सोनेरी उजेडाच्या दालनात सॅन्स वाट बघत असतो. एलव्हीचा खरा अर्थ तो सांगतो. ते प्रेम नव्हेच! आपण किती हिंसा केली, त्याचा तो आकडा. इतर खेळांत हा आकडा वाढला की आपण नाचतो.

माझ्या पत्रिकेत होता एक, म्हणजे सगळ्यांत कमी. इतक्या कमी गुणांचा आनंद मला कधी झाला नव्हता. पण खरं काय ते त्या फुलाला ठाऊक आहे, आणि मलाही.